सेल्फ उचलत नाही

पुण्यातला ऑटो इलेक्ट्रिशियनचा धंदा आज दुचाकीवर चालतो. मी हे काम शिकायला लागलो तेव्हा, १९७५च्या सुमाराला, नाना पेठेतल्या आमच्या दुकानाच्या दारात दुचाकी चुकूनच यायची. यायचे ते ट्रक, मेटॅडोर, अँबॅसिडर, फियाट आणि सुगीच्या आधी एखादा ट्रॅक्टर. रस्त्यावर सायकलींच्या जोडीने बजाजच्या स्कूटरी होत्या, लूना होत्या, पण त्यांचं आमच्याशी काही काम नसायचं. बटण दाबून सुरू होणारी दुचाकी पुण्याला ठाऊकच नव्हती. इंजिन सुरू करायचं तर अंगातली ताकद लावायची, ही त्या काळची रीत होती. ती रीत कशी गेली आणि तिच्या जागी बटण कसं आलं, हे मी दुकानाच्या फळीवर बसून पाहिलंय. त्याबद्दल कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही, म्हणून लिहितो.

हँडलपासून सुरुवात करावी लागेल. खडकीला १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना निघाला आणि तिथली डिझेल इंजिनं गावोगावच्या विहिरींवर गेली. ती इंजिनं हाताने फिरवून सुरू करायची. आधी डिकॉम्प्रेशनची दांडी उचलायची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहून सिलिंडरमधली हवा दाबली जात नाही आणि चाक हलकं फिरतं. चाकाने वेग घेतला की दांडी सोडायची, आणि इंजिन धडधडायला लागतं. त्यात विजेची एक तारसुद्धा नव्हती. मोटारीला आणि ट्रकला मात्र सेल्फही (इंजिन फिरवून सुरू करणारी विजेची मोटार) असायचा आणि पुढच्या बंपरमधून आत जाणारं हँडलही. बॅटरी उतरली की क्लीनर हँडल मारायचा. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. त्यामुळे आमच्या मास्तरांनी मला इलेक्ट्रिकचं पहिलं अक्षर शिकवायच्या आधी हँडल धरायला शिकवलं: अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ वळायची नाही, आणि जोर खालून वर ओढताना लावायचा, वरून खाली दाबताना नाही.

मास्तर दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या लिलावात निघालेल्या लॉऱ्यांवर काम शिकलेले. शाळा चौथीपर्यंत. पण सेल्फच्या मोटारीबद्दल त्यांची समज पक्की होती. ते म्हणायचे, ही मोटार काही क्षणांसाठीच जन्माला आली आहे, तिला मिनिटभर राबवलं तर ती मरते. पुढे कितीतरी वर्षांनी मी चार्ल्स केटरिंग या अमेरिकन माणसाची हकीकत वाचली आणि मास्तरांचं बोलणं पुन्हा आठवलं. १९११ साली केटरिंगने मोटारीचा सेल्फ तयार केला आणि १९१२च्या कॅडिलॅक गाड्यांवर तो बसला. तोवर जाणकारांचं मत असं होतं, की इंजिन फिरवण्याइतकी ताकदवान मोटार बसवायची तर ती जवळजवळ इंजिनाएवढीच होईल. केटरिंग त्याआधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्रांच्या कंपनीत होता. तिथे त्याने गल्ल्याला विजेची मोटार बसवली होती. क्षणभर चालायचं आणि थांबायचं, एवढंच तिचं काम. तीच गोष्ट त्याने मोटारगाडीला लावली. छोट्या मोटारीतून दोन-चार सेकंद तिच्या कुवतीबाहेरचा करंट न्यायचा, इंजिन पेटलं की सोडून द्यायचं. आजही मोटारीचा सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर करंट खातो आणि स्कूटरचा त्याहून बराच कमी, पण तत्त्व तेच आहे. गाडी सुरू होत नाही म्हणून बटणावर अंगठा दाबून बसणाऱ्या गिऱ्हाइकाला मी आजही हेच सांगतो: पाच सेकंद दाबा, मग अर्धा मिनिट सोडा, आतल्या तांब्याला निवू द्या.

तेव्हाचं आमचं काम जड आणि काळंकुट्ट असायचं. बॅटऱ्यांची पेटी काळ्या कडक रबराची, सहा खणांची, खणाखणांना जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या वरून उघड्या आणि मधल्या फटींत डांबर ओतलेलं. एखादा खण मेला तर डांबर तापवून तेवढाच खण वर काढायचा, प्लेटा बदलायच्या, पुन्हा शिसं ओतून जोड द्यायचा. ॲसिडचे थेंब उडून आमच्या विजारींना भोकं पडलेली असायची. सेल्फ उघडला की कार्बन बघायचे, कम्युटेटर पॉलिश पेपरने पुसायचा, तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक करवतीच्या पात्याने खोल करायचा, बुश ढिला झाला असेल तर नवा ठोकायचा आणि आर्मेचर ग्राउलरवर ठेवून वरून हॅकसॉचं पातं फिरवायचं. जिथे पातं थरथरलं तिथे वाइंडिंग शॉर्ट. बेंडिक्सचे, म्हणजे सेल्फच्या पुढच्या गिअरचे, दात झिजले असतील तर बुधवारी किंवा रविवारी मंगळवार पेठेत जुन्या बाजारात जाऊन दुसरा शोधायचा. नवा सेल्फ घालणं हा शेवटचा उपाय होता, कारण तो परवडत नसे आणि वेळेवर मिळतही नसे.

दुचाकींच्या बाबतीत मात्र सगळा कारभार पायाचा होता. बजाज ऑटोने १९४८पासून बाहेरून व्हेस्पा आणून विकल्या, १९६०च्या सुमारास पियाजिओबरोबर करार करून त्या इथे बनवायला सुरुवात केली आणि करार संपल्यावर १९७२ साली स्वतःच्या नावाची चेतक काढली. आकुर्डीहून निघणारी ती स्कूटर मिळायला लोक वर्षानुवर्षं नंबर लावून थांबायचे. आमच्या हाताखालून गेलेल्या जुन्या बजाजपैकी बहुतेकींना बॅटरीच नव्हती. फ्लायव्हीलच्या मॅग्नेटोतून ठिणगी, त्याच मॅग्नेटोतून दिवा आणि हॉर्न. किक मारली की चाक फिरतं, चाक फिरलं की वीज तयार होते. त्यामुळे बिघाडही थोडेच: पॉइंट काळे पडणं, कंडेन्सर जाणं, ऑइलने प्लग भरणं. पुण्यातला प्रत्येक स्कूटरवाला डिकीत एक जादा प्लग आणि प्लगपाना बाळगायचा. सकाळी साडेआठला सदाशिव पेठेतल्या वाड्यांच्या दारांत स्कूटरी डाव्या-उजव्या अंगाला कलंडवून किका मारणारे बँकवाले हे रोजचं दृश्य होतं. त्याच वर्षी, १९७२ला, कायनेटिकच्या फिरोदियांची लूना आली. तिला पायडल होतं. स्टँडवर चढवून पायडल मारलं की ती सुरू. एवढं साधं यंत्र असताना इलेक्ट्रिशियनची गरज कुणाला पडणार?

रिक्षाची गंमत निराळी होती. मागच्या इंजिनाच्या रिक्षेला चालकाच्या डाव्या हाताशी खालून वर ओढायची लांब दांडी असायची. ती ओढताना चालकाचा खांदा जो काही झटका खायचा, तो तोच जाणे. बरेच रिक्षावाले उतारावर रिक्षा उभी करायचे आणि घरंगळवत गिअर टाकून सुरू करायचे. बॅटरी उतरलेली फियाटसुद्धा धक्का मारून, दुसऱ्या गिअरला क्लच सोडून सुरू व्हायची. हा धक्का-स्टार्ट फार मोठा आधार होता. तो हाताशी होता तोवर सेल्फमधला दोष लोक महिनोन्महिने अंगावर काढायचे.

मग १९८३चा डिसेंबर आणि १९८४ साल आलं. मारुती ८०० बाजारात आली, तिला हँडल घालायला पुढे भोकच नव्हतं. आणि फिरोदियांच्या कायनेटिकने जपानच्या होंडाबरोबर भागीदारी करून कायनेटिक होंडा काढली. कारखाना मध्य प्रदेशात पीथमपूरला, पण गाडी पुण्याच्या घराण्याची आणि पुण्याने ती घरची मानली. ९८ सीसीचं इंजिन, गिअर नाहीत, पट्ट्यावर चालणारा व्हेरिएटर आणि उजव्या मुठीपाशी एक छोटं बटण. किकही होती, पण लोकांनी गाडी घेतली ती बटणासाठी.

या बटणाचं महत्त्व मला पहिल्यांदा गिऱ्हाइकांनी शिकवलं. तोवर आमच्या दुकानात बायका येत नसत. नवऱ्याची गाडी बिघडली तर नवराच यायचा. कायनेटिक होंडानंतर दोन-तीन वर्षांतच शाळेतल्या बाई, ससूनमधल्या सिस्टर, एलआयसीतल्या मॅडम एकट्या गाडी घेऊन यायला लागल्या. साडी नेसून चेतकला किक मारणं किती अवघड आहे याचा विचार आम्ही पुरुषांनी कधी केलाच नव्हता. लूनाने बायकांना रस्त्यावर आणलं हे खरंच आहे, आणि त्याचं श्रेय तिला द्यायलाच हवं. पण मागे मुलाला बसवून, पुढे पिशव्या ठेवून, लकडी पूल ओलांडून कोथरूडपर्यंत जायचं तर तिचं ५० सीसीचं इंजिन दमायचं. बटणाच्या स्कूटरने ती अडचण संपवली. पुण्यात बायका इतक्या मोठ्या संख्येने दुचाकी चालवतात याची कारणं लोक शाळा-कॉलेजात, मोकळ्या वातावरणात, अपुऱ्या बससेवेत शोधतात. ती सगळी बरोबर आहेत. माझं मत असं, की त्यांच्या जोडीने एका चांगल्या चालणाऱ्या सेल्फचं नावही घेतलं पाहिजे.

आणि म्हणूनच तो सेल्फ बंद पडला तर ती केवळ गाडीची तक्रार राहत नसे. एक बाई येऊन म्हणाल्या होत्या, “दादा, किक मारायला मी रोज वॉचमनला बोलावू का? मग गाडी कशाला घेतली?” त्या गाड्यांना धक्का-स्टार्टही चालत नाही. गिअर नाही, क्लच आपोआप सुटणारा, चाक कितीही फिरवलं तरी इंजिनापर्यंत जोर पोचतच नाही. म्हणजे पन्नास वर्षांचा तो आधार गेला आणि सगळा भरवसा पायाखालच्या चौकोनी डब्यातल्या बॅटरीवर आला. आमच्या धंद्याला खरी प्रतिष्ठा या काळात मिळाली.

पुढे स्कूटी आली, २००१च्या आसपास ॲक्टिव्हा आली, त्याच वर्षी बजाजची पल्सर आली. हळूहळू बटण नसलेली दुचाकी विकत घेणारा माणूस मिळेनासा झाला. चेतकचं उत्पादन २००६पर्यंत थांबलं.

दुचाकी यायला लागल्यावर आम्हाला कान तयार करावे लागले. ट्रकच्या सेल्फचा आवाज मोठा, त्याची दुखणी स्पष्ट. स्कूटरचं सगळं बारीक. गिऱ्हाईक म्हणतं, सेल्फ उचलत नाही. मी म्हणतो, काही सांगू नका, एकदा बटण दाबा. एकच ‘टक्’ असा आवाज आला आणि पुढे शांतता, तर रिले ओढतोय पण मोटारीला करंट मिळत नाही, किंवा मोटारीचे कार्बन संपलेत. ‘टकटकटकटक’ असा सलग आवाज आला, तर बॅटरी कमजोर आहे किंवा तिचं टर्मिनल ढिलं आहे: रिले ओढतो, मोटार करंट खाते, व्होल्टेज कोसळतं, रिले सुटतो, व्होल्टेज परत चढतं, रिले पुन्हा ओढतो. ‘घर्रर्र’ करून मोटार मोकळीच फिरली, तर दोष विजेचा नाहीच, वन-वे क्लच घसरतोय. आणि काहीच आवाज नाही, तर बटणाकडे, फ्यूजकडे आणि ब्रेकच्या स्विचकडे जायचं, कारण बिनगिअरच्या गाडीत ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. ब्रेक दाबून मागचा दिवा पेटतो का, हे पाहिलं तर निम्मं काम तिथेच होतं. कितीतरी गाड्या मोठा खर्च सांगून आमच्याकडे आल्या आणि एका गंजलेल्या ब्रेक स्विचवर सुटल्या.

मास्तरांनी घालून दिलेला क्रम असा: आधी बॅटरी, मग अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हचा इंजिनाच्या धातूशी जोड), मग जाड केबल, मग रिले, मग मोटार. बारीक तारेचा रस्ता वेगळा: फ्यूज, किल्ली, ब्रेक स्विच, बटण, रिलेची कॉइल. एका रस्त्यावरून जाताना दुसऱ्यावर उडी मारायची नाही. मी या क्रमाची तुलना वैद्याच्या नाडीपरीक्षेशी करतो. हात कुठे ठेवायचा हे ठरलेलं असतं, पण काय जाणवलं ते ज्याचं त्याला कळावं लागतं.

मास्तरांचं हत्यार एकच: बारा व्होल्टचा बल्ब, होल्डर, दोन तारा, एका टोकाला चिमटा, दुसऱ्याला टोकदार सळई. १९८०नंतर आम्ही नाशिकच्या मोटवानेचा मल्टिमीटर घेतला. काटा हलणारा, खाकी पिशवीतला, दुकानातली सगळ्यात महाग वस्तू. मास्तरांना तो आवडला नाही आणि त्यांचं म्हणणं पूर्ण चूक नव्हतं. तार आतून सडली, तिचे धागे तुटून एखादा उरला, तरी मीटर लावला की तो बारा व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही. तिथेच बल्ब लावला तर तो मिणमिणतो आणि तार उघडी पडते. म्हणजे तारेवर ओझं टाकल्याशिवाय तिची परीक्षा होत नाही.

पण बल्बलाही मर्यादा आहे, आणि हे मला मीटरनेच दाखवलं. समजा स्कूटरचा सेल्फ ६० अँपिअर घेतो आणि अर्थच्या बोल्टखाली गंज बसून ०.०५ ओहमचा अडथळा आलाय. हा अडथळा इतका किरकोळ की बल्ब लख्ख पेटेल. पण ६० अँपिअर त्यातून जाताना ३ व्होल्ट तिथेच खाल्ले जातात, आणि मोटारीला उरलेल्यावर फिरावं लागतं. हा दोष शोधायचा तर मीटरची एक सळई बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि मग बटण दाबायचं. काटा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की अर्थ खोलायचा, घासायचा, पेट्रोलियम जेली लावून आवळायचा. तशीच पॉझिटिव्ह बाजू. भरलेली बॅटरी उभ्या गाडीवर १२.६ व्होल्ट दाखवते, सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली गेली तर बॅटरीवर संशय घ्यायचा, नाही गेली तर बॅटरी बदलून पैसे वाया घालवायचे नाहीत. हे मास्तरांना करून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ काट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मग दोन्ही ठेव.” त्यांच्याकडून शिकलेला बल्ब आणि माझा मीटर, दोन्ही आजही एकाच खणात आहेत.

या धंद्याचा सगळ्यात जुना वैरी पाणी. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, त्यापाठोपाठ खडकवासल्याचं धरण गेलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. मी तेव्हा अगदी लहान, पण मास्तर त्या दिवसांबद्दल तपशिलाने सांगायचे. चिखलातून काढलेल्या गाड्यांचे डायनमो आणि सेल्फ उघडून, रॉकेलने धुऊन, मंद आचेवर वाळवून, वाइंडिंगला पुन्हा वॉर्निश देऊन ते चालू केलेले. घाई करून ओल्या वाइंडिंगमधून करंट सोडलेल्या मोटारी जळाल्या, वाळवलेल्या जगल्या. हा धडा मला २५ सप्टेंबर २०१९च्या रात्रीनंतर पुरा उमगला. आंबील ओढ्याला आलेल्या पुराने सहकारनगर, अरण्येश्वर भागातल्या सोसायट्यांमधल्या गाड्या एकमेकींवर चढवून ठेवल्या. २५ जुलै २०२४ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पुन्हा तेच. अशा वेळी आमच्या दारात येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिली विनंती हात जोडून करतो: बुडालेल्या गाडीचं बटण दाबू नका. सिलिंडरमध्ये पाणी असलं तर ते दाबलं जात नाही, सेल्फ जोर लावतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा. प्लग काढायचा. मग इंजिन हळूच फिरवून पाणी बाहेर येऊ द्यायचं. ऑइल दुधासारखं झालं असेल तर बदलायचं. सेल्फ वेगळा काढून वाळवायचा आणि शेवटी करंट.

पाण्याशी असलेल्या या ओळखीनेच मला एकदा पानशेतच्या बाजूला नेलं. तिथल्या जलाशयात पर्यटकांसाठी वॉटर स्कूटर फिरवतात. माझं एक जुनं गिऱ्हाईक तिथे कामाला होतं. त्याचा फोन आला, “उस्ताद, बटण दाबलं की टकटक करतंय.” हा आवाज माझ्या कानाचा. मी गेलो.

ही गाडी म्हणजे काय, हे आधी समजून घेतलं. क्लेटन जेकबसन नावाच्या अमेरिकन मोटारसायकलवाल्याच्या कल्पनेतून ती आली आणि जपानच्या कावासाकीने १९७३ साली ती जेटस्की या नावाने बाजारात आणली. हीच ती कावासाकी, जिच्याबरोबर बजाजने भागीदारी केली आणि १९८६ साली केबी १०० ही मोटारसायकल काढली. केबीचं इंजिन मी कितीदा उघडलं होतं. वॉटर स्कूटरचं इंजिन मात्र बंद होडीच्या पोटात, पाण्याच्या पातळीच्याही खाली. पंखा पाणी ओढून मागे फेकतो आणि गाडी पुढे जाते. चाक नाही म्हणून धक्का नाही, किक नाही, हँडल नाही. तळ्याच्या मध्यभागी ती बंद पडली तर माणूस अडकला. सेल्फवर इतका पूर्ण भरवसा टाकणारं दुसरं वाहन मी पाहिलं नाही.

पोरांनी आधीच नवी बॅटरी आणून बसवली होती आणि तरीही टकटक चालूच होती. मी क्रमानेच गेलो. स्वाराच्या मनगटाला बांधायची दोरी आणि तिची क्लिप आधी पाहिली. स्वार पाण्यात पडला तर ती निघते आणि इंजिन थांबतं, आणि कित्येक गाड्यांत ती जागेवर नसेल तर सेल्फही लागत नाही. क्लिप ठीक होती. बॅटरी ठीक. मग मीटर अर्थवर लावून बटण दाबायला सांगितलं. काटा झपकन वर गेला. निगेटिव्हची जाड केबल इंजिनाला जिथे बसते तिथे, पोटात साचलेल्या पाण्याने, लगच्या आत हिरवी भुकटी झाली होती. वरचं रबर अगदी नव्यासारखं. केबल कापून नवा लग दाबला, घासलं, जेली लावली, रबरी टोपण बसवलं. मग रिलेचा बंद डबा उघडला. झाकणाची रबरी कडा फाटून आत थेंब गेले होते. तो वाळवून कडा बदलली. हे गोडं पाणी होतं, म्हणून एवढ्यावर भागलं. मालवण-तारकर्लीला किंवा अलिबागला खाऱ्या पाण्यात या गाड्या चालतात. तिथे रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने धुतलं नाही तर तांब्याचं हेच हिरवेपण फार लवकर चढतं.

त्या मुलांना मी जाताना मीटर कसा लावायचा हे तिथेच, चिखलात उकिडवं बसून शिकवलं. पैसे मागायच्या आधी शिकवलं, कारण नवी बॅटरी आणायला त्यांचे पैसे आधीच गेले होते.

दोष न शोधता भाग बदलण्याच्या या सवयीचंच मला अलीकडे मनापासून वाईट वाटतं. १ एप्रिल २०२०पासून बीएस सहा या प्रदूषण-मानकाच्या गाड्या आल्या. पेट्रोल पंप, इंजेक्टर, ईसीयू, सगळं विजेवर. कित्येक स्कूटरींत आता वेगळा सेल्फच नाही. जो अल्टरनेटर बॅटरी चार्ज करतो, तोच मोटार बनून इंजिन चालू करतो, अगदी आवाजाशिवाय. यंत्र उत्तम आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दुरुस्तीची रीत बदलली. भाग तपासायचा नाही, बदलायचा. बॅटरी बदला, नाही झालं तर रिले बदला, नाही झालं तर वायरिंगचा पूर्ण संच बदला. गिऱ्हाईक प्रत्येक अंदाजाचे पैसे भरतं. औंधच्या आयटीआयमधून शिकून आलेली मुलं माझ्याकडे येतात, त्यांचं पुस्तकी ज्ञान माझ्यापेक्षा खूप चांगलं असतं. ओहमचा नियम त्यांना पाठ असतो. पण गंजलेल्या बोल्टखाली ३ व्होल्ट हरवतात, हे त्यांना कुणी हाताने करून दाखवलेलं नसतं. म्हणून माझ्या दुकानात नव्या मुलाला पहिले काही आठवडे एकही भाग बदलू देत नाही. आधी दोष कुठे आहे ते बोटाने दाखवायचं, मीटरवर आकडा दाखवायचा, मग पाना उचलायचा.

आता विजेची चेतक आली आहे. तिची नोंदणी जानेवारी २०२०मध्ये पुण्यात आणि बंगळुरूला सुरू झाली, आणि जुन्या आकुर्डीतच तिच्यासाठी २०२२ साली नवा कारखाना उभा राहिला. तिला इंजिन नाही, म्हणून सेल्फ नाही, कार्बन नाही, बेंडिक्स नाही. तरीही गेल्या पावसाळ्यात एक मुलगी एका कंपनीची विजेची स्कूटर ढकलत दारात घेऊन आली आणि म्हणाली, “काका, बटण दाबलं तर काहीच होत नाही.” मोठी बॅटरी भरलेली होती. पण बहुतेक विजेच्या गाड्यांत दिवे, हॉर्न आणि कंट्रोलर जागा करायला बारा व्होल्टचा वेगळा भाग असतो, कित्येकींत त्यासाठी एक छोटी बॅटरीही असते. माझ्या हाताखालच्या मुलाने काही न विचारता मीटर काढला आणि सुरुवात केली: आधी ती छोटी बॅटरी, मग तिचा अर्थ, मग फ्यूज, मग ब्रेकचा स्विच. चौथ्या जागी दोष सापडला. दोष त्याच्या पुढे असता, तर मात्र कंपनीचा लॅपटॉप लागला असता.